मदत हवी आहे: स्कॅन केल्यावर जलरंगातला जांभळा निळा दिसतोय

नमस्कार मंडळी,
आमचे बाबा इथे कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिक्षक होते. रिटायर झाल्यापासून ठिकाणं दोनच, रंकाळा आणि पंचगंगा घाट. साठेक जलरंगचित्रं साठलीत. पंचाहत्तरीला त्यांचं छोटं पुस्तक छापायचंय, म्हणून घरच्या ऑल-इन-वन प्रिंटरच्या स्कॅनरवर ३०० डीपीआयला स्कॅन करतोय.

अडलंय रंगांवर. रंकाळ्यातल्या संध्यामठाच्या चित्रात आभाळाला पातळसा पिवळा वॉश आहे, तो गायबच. कागद पांढराफटक. पाण्यातला जांभळा सरळ निळा. बाबांना स्क्रीनवर दाखवलं, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हा रंकाळा न्हवं, कळंबा असंल." (कळंबा म्हणजे इथलाच दुसरा तलाव.)

आणि तेच चित्र कडा सोडून स्कॅन केलं की रंग आणखी तिसरेच! फोटोशॉप नाही, त्याच कामाचं मोफत गिंप आहे. एकेक चित्र हाताने दुरुस्त करत बसलो तर पंचाहत्तरी राहू दे, सहस्रचंद्रदर्शन उजाडेल.

प्रतिसाद १
भावा, आधी स्कॅनरचं सगळं 'ऑटो' बंद कर. ऑटो एक्स्पोजर निवडलेल्या भागातलं सगळ्यात उजळ टोक पांढरं धरतं आणि बाकीचं त्या मापानं ताणतं. म्हणून वॉश उडाला, म्हणूनच कडा सोडल्या की रंग बदलले. ४८ बिट टिफमध्ये सेव्ह कर, जेपीजी शेवटी. कागदाच्या मागंपण चित्र असंल तर वर काळा कार्डशीट ठेव, नाहीतर झाकणाचा पांढरा उजेड परतून मागचं पुढं दिसतंय.

प्रतिसाद २
ऑटो बंद केल्यावर रंग मळकट वाटतील, घाबरू नका. आयटी८ टार्गेट, म्हणजे स्कॅनरचे रंग तपासायचं छापील कार्ड, मागवा. २६४ रंगांचे चौकोन आणि खाली राखाडीच्या २४ पायऱ्या, सोबत त्यांच्या मोजमापांची फाइल येते. त्याच सेटिंगवर ते स्कॅन करून आर्गिल सीएमएस या मोफत सॉफ्टवेअरने स्कॅनरचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे तो कुठला रंग कसा वाचतो याची फाइल, बनवा. गिंपमध्ये ते आधी स्कॅनला 'असाइन' करा, मग एसआरजीबीत, म्हणजे स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, 'कन्व्हर्ट'. हा क्रम चुकवू नका.

जांभळ्याचं मात्र पूर्ण जमेलच असं नाही. ऑल-इन-वनमध्ये बहुधा सीआयएस सेन्सर असतो. तो लाल, हिरवा, निळा एलईडी आळीपाळीने लावून वाचतो. काही रंगद्रव्यं त्या तीन दिव्यांत एक दिसतात, उन्हात दुसरी. शिवाय काचेपासून जरा उचललेला कागद त्याला धूसर दिसतो, आणि जलरंगाचा कागद हमखास वाकतो. ओळखीत कुणाकडे सीसीडीवाला, म्हणजे आरसे-भिंगातून वाचणारा, जुना स्कॅनर असेल तर तो आणा, त्याला जरा उचललेला कागदही चालतो.

धागाकर्ता
दोघांचे आभार. ऑटो बंद केलं आणि वॉश परत आला! आता सांगायला लाज वाटते, पण लॅपटॉपवर नाइट लाइट चालू होता. दोन रात्री त्या पिवळट स्क्रीनवर मी रंग जुळवत होतो. ते सगळं पुसून टाकलं. टार्गेट मागवलंय. जांभळा अजून निळाच, तेवढी सातआठ चित्रं दिवसा खिडकीपाशी मूळ चित्र शेजारी ठेवून हाताने करीन. बाबा म्हणतात, मी बसतो शेजारी.

सीसीडीवाला स्कॅनर राजारामपुरी, शाहूपुरीकडे कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एका रविवारचंच काम आहे, तांबडा-पांढरा माझ्याकडून.