जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदलू नका म्हणणाऱ्यांना उत्तर

जुनी_सेदान
काल इथे एक सल्ला वाचला : "लाखभर किलोमीटर झालेल्या ऑटोमॅटिकचं गिअरबॉक्स ऑइल बदलू नका, घरी तर मुळीच नाही. नवं तेल पडलं की गिअरबॉक्स बसलाच म्हणून समजा." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझी गाडी १६ वर्षांची, १,७०,००० किमी चाललेली. साधा टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) गिअरबॉक्स, सीव्हीटी (ठरलेले गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा प्रकार) नाही. घेतली तेव्हा तेल तपकिरी झालं होतं आणि जळका वास येत होता. गिअर मात्र घसरत नव्हते (म्हणजे इंजिन नुसतंच फिरतंय आणि गाडी ओढत नाही, असं होत नव्हतं), हे महत्त्वाचं. तेल मी घरीच बदललं. एका झटक्यात सगळं निघत नाही, कारण बरंचसं तेल कन्व्हर्टरमध्येच राहतं. माझ्या गाडीत एकूण ८ लिटर बसतं आणि चेंबरच्या, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या पत्र्याच्या भांड्याच्या, नटातून साडेतीन निघालं. तेवढंच मोजून भरलं. हजार किमी चालवून पुन्हा तेच, मग तिसऱ्यांदा. हिशेब केला तर जुनं तेल सुमारे १८ टक्के उरतं. पहिल्या खेपेचं तेल खुणा केलेल्या बाटल्यांमध्ये ओतून ठेवलं होतं. तिसऱ्या खेपेची बाटली तिच्याशेजारी ठेवली तेव्हा आरपार लाल दिसत होती.

याला चार वर्षं झाली. लॉकअपला, म्हणजे वेगात कन्व्हर्टर आतून घट्ट जोडला जाताना, येणारी थरथर गेली ती गेलीच.

"बदललं आणि मेला" या गोष्टी कुठून येतात? गिअर घसरायला लागल्यावर लोकांना तेल आठवतं. गिअर पकडून ठेवणाऱ्या आतल्या क्लच प्लेटा तोवर झिजून गेलेल्या असतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि बोल नव्या तेलाला लागतो.

ग्रीसचे_हात
ताई, तुमची गाडी चालली, आनंद आहे. मी २२ वर्षं गॅरेजमध्ये आहे. न चाललेल्या गाड्या टो होऊन माझ्याकडे येतात, त्यामुळे मला दुसरी बाजू दिसते.

एकाने चेंबरचा नट काढून तेल सांडून टाकलं आणि मग भरायचा नट खोलायला गेला. तो गंजून बसलेला. पान्याने त्याच्या कडा गोल करून टाकल्या. गाडी वर टांगलेली, आत तेल नाही, रविवारची संध्याकाळ. दुसऱ्याने इंजिन ऑइल समजून गिअरबॉक्सचा नट खोलला. लाल तेल बाहेर पडताना बघूनही त्याला शंका आली नाही. मग इंजिनात वरून चार लिटर ओतलं. म्हणजे इंजिनात दुप्पट तेल आणि गिअरबॉक्स कोरडा. गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि गाडी थांबली.

आणि जुन्या तेलात प्लेटांची जी पूड असते, त्या पुडीमुळेच झिजलेल्या प्लेटा पकड घेतात. ती काढलीत की प्लेटा सुटतात. हे मी पाहिलं आहे.

पाना_चौदा
नटाचं सगळं मान्य. पुडीचं अजिबात नाही. पकड ठरते तेलाच्या दाबावर, प्लेटेच्या अस्तरावर आणि तेलातल्या घर्षण ठरवणाऱ्या रसायनांवर. ही रसायनं उष्णतेने संपतात, म्हणून तर थरथर सुरू होते. पूड व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाचा दाब योग्य गिअरकडे वळवणारा भाग) बारीक वाटांमध्ये आणि सोलेनॉइडमध्ये (विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपा) जाऊन अडकते. चेंबरमधलं चुंबक उगाच ठेवलेलं नाही. त्यावर लोण्यासारखा राखाडी लेप असेल तर चिंता नाही. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर तेलाचा विषय संपला, गिअरबॉक्स उघडावाच लागेल.

"पाहिलं आहे" म्हणता ते तेल बदलण्याआधी गिअर घसरत होता का, हे सांगा.

ग्रीसचे_हात
बहुतेकांचा घसरतच होता. म्हणून तर आले होते.

पाना_चौदा
मग ताई तेच सांगताहेत.

ग्रीसचे_हात
ठीक आहे. पण मशीन लावून फ्लश करणं, म्हणजे सगळं तेल एकदम ढकलून काढणं, तेही कधीच तेल न बदललेल्या गाडीत, याला माझा विरोध कायम. साचलेला गाळ एकदम सुटतो.

पाना_चौदा
त्याला माझाही विरोध आहे. थोडं थोडं बदलणंच बरं.

उतारावरचा
तुम्ही सगळे मूळ दुखणं सोडून बोलताय. डिपस्टिक, तेलाची पातळी बघायची दांडी, कुठे गेली? माझ्या आधीच्या गाडीला होती. इंजिन चालू ठेवून दांडी पुसायची, घालायची, काढायची. पातळी, रंग, वास सगळं अर्ध्या मिनिटात कळायचं. आताच्या गाडीत त्या जागी काहीच नाही. वर पुस्तकात लिहिलंय "लाइफटाइम". कोणाचं लाइफ? झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी तेल बदला म्हणते, आणि तोच गिअरबॉक्स बसवणारा गाडीवाला म्हणतो गरज नाही!

माझ्या गाडीचं सील झिरपत होतं. थेंब थेंब, खालच्या पत्र्यावर. दीड वर्ष कळलं नाही. कळलं तेव्हा रिव्हर्स पडेना. दांडी असती तर दुसऱ्या आठवड्यात कळलं असतं.

ग्रीसचे_हात
दांडी गेली ती लोकांच्या हातांमुळे. कोणी थंड गाडीत मापून भर घालायचं, कोणी मळक्या फडक्याचे धागे आत सोडायचं. गरम झालं की तेल फुगतं. जास्त भरलेलं तेल फिरत्या भागांनी घुसळलं जातं, फेस होतो आणि फेसाला दाब धरत नाही. म्हणून आता तेल ठरलेल्या तापमानाला, बऱ्याच गाड्यांत ४० अंशांच्या आसपास, इंजिन चालू ठेवून खालच्या नटातून बारीक धार थांबेपर्यंत बघायचं. ही पद्धत दांडीपेक्षा अचूक आहे.

उतारावरचा
अचूक आहे, पण मला करता येत नाही! गाडी चारी बाजूंनी सपाट उचला, स्कॅनर जोडा, तापमान बघत खाली झोपा. म्हणजे दर वेळी तुमच्याच दारात यायचं. मालकाला स्वतःच्या गाडीचं तेल बघता येऊ नये यात तुमचं पोट भरतं, सरळ बोला ना.

ग्रीसचे_हात
शब्द मागे घ्या. डिपस्टिक मी काढली नाही. त्याच नटाखाली झोपून गरम तेलाने माझा कोपरापर्यंत हात भाजला आहे, डाग अजून आहे. दांडीच्या गाडीला मला दोन मिनिटं लागायची. आता तासभर जातो आणि गिऱ्हाईक विचारतं, नुसतं बघायचे पैसे कसले?

उतारावरचा
पोटाचं बोललो ते चुकलं, मागे घेतो. दांडीचं मागे घेत नाही. पातळी बघणं आणि पातळी ठरवणं ही दोन कामं आहेत. ठरवायला तुमचा नट ठेवा. बघायला मला दांडी द्या.

ग्रीसचे_हात
बघायला असावी, हे मलाही वाटतं. इतकंच.

सहावा_गिअर
दांडीच्या भांडणात तेलाचा प्रकार राहूनच गेला. लाल रंग म्हणजे फक्त रंग. डेक्स्रॉन, टी-फोर, डब्ल्यूएस, एटीएफ प्लस फोर ही वेगवेगळी तेलं आहेत, आणि सीव्हीटीचं तर साफ वेगळं. घर्षणाचा गुण किती नाजूक असतो बघा : १९६७ साली डेक्स्रॉन आलं तेव्हा तो गुण साधायला त्यात स्पर्म व्हेलचं तेल घालत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद झालं आणि पर्याय म्हणून जे तेल आलं त्याने गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरचे सांधे खाल्ले. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेला डबा दिसला की मला हेच आठवतं. पुस्तकात जे नाव आहे तेच घ्या.

जुनी_सेदान
हे मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. भरायचा नट आधी खोलायचा हेही. मी तसंच केलं होतं, पण लिहिताना विसरले, आणि कोणी माझं वाचून उलटं केलं असतं तर दोष माझा होता. माझ्या गाडीला डिपस्टिक आहे, म्हणून मला सोपं गेलं, हेही कबूल. पण "कधीही बदलू नका" हा सल्ला चूक आहे, त्यावर मी ठाम आहे.

ग्रीसचे_हात
"कधीही" शब्द मीही वापरला नव्हता. गिअर घसरत नसेल, गाडी जॅकवर नाही तर चार स्टँडवर सपाट असेल, भरायचा नट हाताने फिरतोय हे आधी पाहिलं असेल आणि निघालेलं मोजून तेवढंच भरणार असाल, तर करा घरी. जुनं तेल मातीत ओतू नका, डब्यात भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडे द्या. चेंबर खोललंत तर त्याचे बोल्ट जोर लावून आवळू नका, पत्रा वाकतो आणि पॅकिंग गळतं. आणि पुढच्या वेळी चुंबकाचा फोटो इथे टाका ताई, मला बघायचा आहे.