मदत हवी आहे: विंडोज १० वरून ११ वर जाताना वडिलांची सेटिंग्ज (विशेषतः वर्डचं ऑटोकरेक्ट) कशी वाचवायची?

अर्धविराम:
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझे वडील ७६ वर्षांचे, निवृत्त मराठी शिक्षक, साताऱ्याला असतात. घरबसल्या मुद्रितशोधनाची कामं करतात. दिवाळी अंकांच्या दिवसांत तर त्यांना जेवायलाही दोनदा हाका माराव्या लागतात. संगणक २०१९ चा, असेंबल केलेला. आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, सी ड्राइव्हला २५६ जीबीची एसएसडी आणि डी ला जुनी हार्ड डिस्क. विंडोज १० होम, ऑफिस २०१६.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. तेव्हापासून पडद्यावर जी काही सूचना येते ती बाबा मला पुण्याला फोन करून शब्दन् शब्द वाचून दाखवतात. त्यामुळे एकदाचं ११ करून टाकावं असं ठरवलंय. येत्या शनिवार-रविवारी जाणार आहे.

आता खरं दुखणं. २०२१ मध्ये विंडोज सुरूच होईना म्हणून मशीन गावातल्या एका दुकानात दिलं होतं. तिथला मुलगा म्हणाला, "काका, डेटा डी ला आहे ना? मग फॉरमॅट मारतो." डेटा खरंच वाचला, एक फाइल गेली नाही. पण वर्ड उघडलं तर ऑटोकरेक्ट कोरं. बाबांनी त्यात चारशेच्या वर नोंदी केलेल्या होत्या. 'मविको' लिहून स्पेस दिली की 'मराठी विश्वकोश', 'निर्मीती' चं आपोआप 'निर्मिती', 'आशिर्वाद' चं 'आशीर्वाद', असं सगळं. पुढची दोन वर्षं ते एकेक नोंद आठवून परत भरत होते. आता एक वही केली आहे, नवी नोंद केली की वहीत उतरवतात. 'फॉरमॅट' हा शब्द आमच्या घरी शिवीसारखा वापरला जातो.

तर मला पुढच्या गोष्टी जशाच्या तशा हव्या आहेत: ऑटोकरेक्ट, वर्डचा स्वतःचा शब्दकोश, इनस्क्रिप्ट कळफलक आणि भाषा बदलायची कळ, छापखान्यासाठी लागणारे जुने नॉन-युनिकोड फाँट, क्रोममधले पासवर्ड आणि स्टिकी नोट्स (त्यात कुठल्या अंकाचे किती पैसे यायचे आहेत ते असतं, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं!). डेस्कटॉपवरच्या आयकॉनच्या जागासुद्धा. बाबा नाव वाचून नाही, जागा पाहून क्लिक करतात.

'अपग्रेड केलं तर सगळं राहतं' असं ऑफिसातला एक जण म्हणतो, 'क्लीन इन्स्टॉलच (सगळं पुसून नव्याने) करावं' असं दुसरा. कुणाचं ऐकू? जाणकारांनी सांगावं.

रात्रपाळी:
वाचनखूण साठवली. माझ्याकडेही हेच करायचं आहे.

खटाटोप्या:
पहिल्या मित्राचं ऐका. क्लीन इन्स्टॉल नको.

विंडोज चालू असतानाच तिच्या आतून सेटअप चालवायचा. तो तीन पर्याय देतो: वैयक्तिक फाइली आणि अ‍ॅप्स ठेवा, फक्त फाइली ठेवा, काहीच ठेवू नका. पहिला घेतलात की युजर खातं, प्रोग्रॅम, फाँट, कळफलक सगळं पुढे येतं. पेनड्राइव्हवरून बूट करून सेटअप चालवलात तर पहिला पर्याय मिळतच नाही. दुकानात पेनड्राइव्ह लावूनच काम होतं, म्हणून लोकांना वाटतं की नवी विंडोज म्हणजे सगळं पुसणं.

फार डोकेफोड नको असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'इन्स्टॉलेशन असिस्टंट' घ्या, तो सगळं ठेवूनच पुढे जातो. त्याआधी 'पीसी हेल्थ चेक' (मशीन ११ ला चालेल का ते सांगणारं साधन) चालवा. असेंबल मशीनवर बहुतेक वेळा टीपीएम (११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही असं दाखवतं. घाबरू नका. आठव्या पिढीच्या इंटेलमध्ये ते असतं, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) 'पीटीटी' नावाने बंद करून ठेवलेलं सापडेल. तेवढं चालू करायचं.

कळफलक:
खटाटोप्यांशी सहमत, पण बॅकअपशिवाय हात लावू नका. आणि बॅकअप म्हणजे डॉक्युमेंट्सचा फोल्डर नव्हे! २०२१ मध्ये नेमकं तिथेच घोडं पेंड खाल्लं असणार.

सेटिंग्ज 'अ‍ॅपडेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. सी ड्राइव्ह, मग 'युजर्स', मग बाबांच्या खात्याचा फोल्डर, त्यात 'अ‍ॅपडेटा'. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये 'हिडन आयटम्स' वर खूण केल्याशिवाय दिसत नाही. त्यात 'रोमिंग', मग 'मायक्रोसॉफ्ट' उघडा. इथे तीन जागा आहेत:

'ऑफिस' फोल्डरात 'एमएसओ' ने सुरू होणाऱ्या आणि 'एसीएल' वर संपणाऱ्या फाइली. हेच तुमचं ऑटोकरेक्ट. प्रत्येक भाषेची फाइल वेगळी आणि नावात त्या भाषेचा क्रमांक असतो. अमेरिकन इंग्रजीचा १०३३, मराठीचा ११०२. बाबांच्या नोंदी कुठल्या फाइलमध्ये पडल्या असतील याचा अंदाज बांधत बसू नका, असतील तेवढ्या सगळ्या उचला.

'यूप्रूफ' फोल्डरात 'कस्टम डिक', म्हणजे वर्डचा स्वतःचा शब्दकोश.

'टेम्प्लेट्स' मध्ये 'नॉर्मल डॉटएम'. नोंद करताना 'फॉरमॅटेड टेक्स्ट' हा पर्याय निवडला असेल (ठळक अक्षर, विशिष्ट फाँट वगैरे) तर ती नोंद एसीएलमध्ये जात नाही, इथे जाते. फक्त एसीएल उचलणारे हमखास इथे फसतात.

कॉपी करताना वर्ड पूर्ण बंद ठेवा.

अर्धविराम:
कळफलक, तुम्ही देवमाणूस आहात! आत्ता फोनवरून बाबांना ते फोल्डर उघडायला लावले. १०३३ आणि ११०२ दोन्ही आहेत, ११०२ चांगलीच मोठी. बाबा विचारतात, "म्हणजे माझ्या चारशे नोंदी एवढ्याशा फाइलीत होत्या? आणि त्या पोराला तेवढीही उचलता आली नाही?" काय उत्तर देऊ?

स्टिकी नोट्स आणि पासवर्डचं कसं करू? आणि पूर्ण 'युजर्स' फोल्डरच बाहेरच्या डिस्कवर ओढून टाकला तर चालेल का?

खटाटोप्या:
ओढून टाकू नका, मध्येच अडकेल. अ‍ॅपडेटाच्या आत 'अ‍ॅप्लिकेशन डेटा' नावाचा एक दुवा असतो, तो फिरून त्याच फोल्डरकडे बोट दाखवतो. काही साधनं त्यात शिरून गोल गोल फिरत बसतात. विंडोजमधली 'रोबोकॉपी' आज्ञा वापरा आणि तिला 'एक्सजे' हा पर्याय द्या, म्हणजे असे दुवे ती वगळते.

विंडोजच्या 'फाइल हिस्टरी' वरही विसंबू नका. ती डेस्कटॉप, लायब्ररी वगैरे घेते, अ‍ॅपडेटा घेत नाही.

स्टिकी नोट्स 'प्लम' नावाच्या एका एसक्यूलाइट फाइलमध्ये असतात, अ‍ॅपडेटाच्या 'लोकल' मध्ये 'पॅकेजेस' खाली. पैशांचा मामला आहे तर मी म्हणेन सरळ मजकूर कॉपी करून वर्डच्या फाइलीत टाका आणि तिची छापील प्रत काढा.

क्रोमचे पासवर्ड विंडोजच्या खात्याशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद असतात. फोल्डर उचलून दुसऱ्या विंडोजमध्ये ठेवला तर बुकमार्क येतील, पासवर्ड उघडणार नाहीत. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही (साध्या मजकुरातली यादी) काढा, पण ती फाइल उघडी असते. काम झालं की पुसून टाका.

आयकॉनच्या जागांसाठी मोबाइलवर फोटो काढा. हसू नका, मीही तेच करतो.

नदीकाठचा:
वेगळं मत मांडतो. घाई कशाला? घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठी नोंदणी करावी लागते. वडिलांचं सगळं बसलेलं आहे, तर राहू दे की! शहात्तराव्या वर्षी नवा स्टार्ट मेनू कशाला शिकायचा?

अर्धविराम:
पटतंय, पण वर्षभराने हाच धागा परत काढावा लागेल. आणि तो ऐन दिवाळी अंकांच्या हंगामात! आत्ता त्यांच्याकडे काम कमी आहे.

अर्धविराम:
(शनिवार रात्र)
अडकले. पीटीटी चालू केलं, हेल्थ चेक हिरवा झाला. बॅकअप घेतला, फोटोही काढले. इथलं नेट रांगतंय म्हणून असिस्टंटऐवजी पुण्याहून आयएसओ (विंडोजच्या सेटअपची एकच मोठी फाइल) उतरवून आणली होती. सेटअप चालवला तर 'फाइली आणि अ‍ॅप्स ठेवा' हा पर्याय करडा, क्लिकच होत नाही! 'फक्त फाइली' चालतो. बाबा मागे खुर्ची टाकून बसलेत आणि दर पाच मिनिटांनी विचारतात, "फॉरमॅट तर नाही ना होणार?"

कळफलक:
थांबा, पुढे जाऊ नका. 'फक्त फाइली' म्हणजे ऑफिस गेलं, सेटिंग्ज गेली.

जवळजवळ नक्की भाषेची भानगड आहे. आयएसओ उतरवताना 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' निवडलं होतं का? मूळ विंडोज 'इंग्लिश इंटरनॅशनल', म्हणजे ब्रिटिश इंग्रजी असेल, तर दोन्ही इंग्रजीच असली तरी सेटअपच्या लेखी भाषा बदलली, आणि मग तो अ‍ॅप्स ठेवायला नकार देतो. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये डीआयएसएमची (विंडोजमधलंच एक साधन) 'गेट-इंटल' आज्ञा देऊन 'डिफॉल्ट सिस्टिम यूआय लँग्वेज' काय येतं ते पाहा.

अर्धविराम:
'ईएन-जीबी' आलं!! आणि माझी आयएसओ अमेरिकन. शेजारच्या मुलाच्या घरचं नेट चांगलं आहे, तिथे इंटरनॅशनल उतरवायला लावली आहे.

अर्धविराम:
(रविवार दुपार)
झालं. पर्याय लगेच उघडला. साधारण दीड तास लागला, तीन-चारदा रीस्टार्ट झालं. बाबांनी पहिलं वर्ड उघडलं, 'मविको' लिहिलं, स्पेस दिली. 'मराठी विश्वकोश' आलं. मग वही काढून पहिल्या पानापासून एकेक नोंद तपासायला बसले, अजून बसलेच आहेत. आत्तापर्यंत एकही गेलेली नाही. फाँट, इनस्क्रिप्ट, ऑल्ट-शिफ्टने भाषा बदलणं, पासवर्ड, नोट्स, सगळं जागेवर. बॅकअपमधलं काही वापरावंच लागलं नाही.

हललं ते दिसणारं सगळं. स्टार्टमध्ये त्यांनी फरशा (टाइल्स) लावून गट केले होते, 'छापखाना', 'बँक', 'नातवंडं' अशी नावं देऊन. ते पूर्ण गेले. राइट क्लिकच्या यादीत कट-कॉपीला चित्रं आली, त्यावर बाबांनी "ही कात्री कुणी मागितली होती?" असं विचारलं. आणि त्यांची खालची पट्टी मुळात खाली नव्हतीच, डाव्या कडेला उभी होती (उंच पान जास्त दिसतं म्हणून). ती आता खाली, आणि आयकॉन मधोमध. हे परत आणता येईल का?

खटाटोप्या:
अभिनंदन! फरशांचे गट १० वरून ११ मध्ये येतच नाहीत, तुमचं काही चुकलं नाही. नव्याने पिन करावं लागेल. आयकॉन डावीकडे नेता येतात, टास्कबार सेटिंग्जमध्ये 'अलाइनमेंट' पाहा. उभी पट्टी मात्र ११ आणताना काढून टाकली. ती परत आणणारी बाहेरची साधनं आहेत, पण विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ती रुसतात आणि तुम्ही पुण्यात. पट्टी आपोआप लपण्यावर ठेवा, पानाला उंची मिळेल.

एक काम आजच करा. जुन्या विंडोजवर परत जायची मुदत फक्त १० दिवस असते, मग 'विंडोज ओल्ड' फोल्डर पुसला जातो. डीआयएसएमच्या 'सेट-ओएस-अनइन्स्टॉल-विंडो' आज्ञेने ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते.

अर्धविराम:
६० केली. पट्टी लपवली, ते बाबांना चक्क आवडलं. पिनच्या पहिल्या ओळीत छापखाना आणि बँक लावून दिले, नातवंडांचे फोटो दुसऱ्या ओळीत गेल्यामुळे आईने हरकत घेतली आहे. एसीएल फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून बाबांनी तो वहीच्या कव्हरमध्ये खोचून ठेवलाय.

नदीकाठचा:
त्या वहीची झेरॉक्स काढून ठेवा.