जखमी शिकारी पक्ष्यांचे केंद्र : सासू-सासऱ्यांना आणि मुलीला घेऊन जावे का?

सायली_प्लिमथ

नमस्कार. आम्ही मिनिआपोलिसजवळ राहतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून माझे सासू-सासरे येत आहेत आणि आमच्या आठ वर्षांच्या मुलीने त्यांना सेंट पॉलच्या रॅप्टर सेंटरला न्यायचेच, असा हट्ट धरला आहे. माझी अडचण अशी की, सासऱ्यांना बांधलेला प्राणी पाहवत नाही; एकदा ते प्राणिसंग्रहालयातून अर्ध्यावर परत फिरले होते. सासूबाईंचे वेगळेच. घुबडाला दगड मारला तर ते तो उचलून नदीवर नेते, घासत बसते आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो, यावर त्यांचा आजही विश्वास आहे. तेथे जखमा, बँडेज वगैरे दिसते का? की त्यापेक्षा वाबाशाचे नॅशनल ईगल सेंटर बरे? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

नदीकाठ

घरच्यांना आधीच सांगून ठेवा की, तेथे जे पक्षी दिसतात ते रुग्ण नसतात. हे केंद्र १९७४ पासून मिनेसोटा विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयात चालते आणि वर्षाला साधारण हजारभर पक्षी तेथे येतात, पण उपचार चालू असलेले पक्षी बंद दारांमागे ठेवलेले असतात, कारण समोर उभा राहिलेला माणूस, मग तो कितीही प्रेमाने पाहत असो, त्यांच्या लेखी त्यांना खायला आलेला प्राणीच असतो. आपल्याला भेटतात ते परत सोडता न आलेले पक्षी. कोणाच्या पंखाचा सांधा आखडलेला असतो, कोणाचा एक डोळा गेलेला असतो, तर कोणी पिल्लू असताना माणसाच्या हातून वाढल्यामुळे माणसालाच आपला जातभाई समजतो. रक्त-बँडेज काही दिसणार नाही. फार तर एखादा पंख जरा खाली लोंबलेला दिसेल.

वाबाशा तेथून साधारण १३० किलोमीटर आहे. चिप्पेवा नदी त्याच भागात मिसिसिपीला मिळते आणि प्रवाहामुळे तिथले पाणी कडाक्याच्या थंडीतही पूर्ण गोठत नाही, म्हणून माशांसाठी बाल्ड ईगल तेथे जमतात. केंद्राच्या आतही गरुड काही फुटांवर, मध्ये गज नसताना बसलेले असतात. परंतु रानातल्या गरुडांची खरी गर्दी डिसेंबरनंतर होते आणि तुमचे पाहुणे नोव्हेंबरात येणार आहेत, शिवाय घुबडे आणि ससाणेही पाहायचे आहेत, तेव्हा मी सेंट पॉलच म्हणेन. वेळा मात्र निघण्यापूर्वी संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात.

मुलीला आणखी एक सांगा. पडलेले पीस दिसले तरी खिशात घालायचे नाही. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यानुसार येथे बहुतेक सर्व स्थानिक पक्ष्यांचे पीस परवान्याविना जवळ ठेवणे गुन्हा आहे. गरुडांसाठी तर १९४० चा वेगळा कायदा आहे, आणि त्यांची पिसे कोलोरॅडोतील सरकारी संग्रहाकडे जाऊन तेथून मूळ अमेरिकन जमातींच्या लोकांना धार्मिक विधींसाठी दिली जातात.

डॉ_शिक्रा

मी पशुवैद्यक आहे आणि मुंबईत काही वर्षे पक्ष्यांवर उपचार केले आहेत. तुम्ही नोव्हेंबरात जात आहात, म्हणून मार्गदर्शकांना शिशाविषयी अवश्य विचारा. मिनेसोटात हरणांच्या शिकारीचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. शिकारी हरणाची आतडी रानातच टाकून जातात, त्यांत शिशाच्या गोळीचे बारीक तुकडे असतात आणि गरुड ती खातात. त्यांच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की शिसे विरघळून रक्तात उतरते. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडाही गरुडाचा जीव घेऊ शकतो. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंदी आहे, पण हरणांच्या गोळ्यांना ती लागू नाही.

आमच्याकडे मोसम संक्रांतीचा. नायलॉनचा मांजा घारीच्या पंखाच्या पुढच्या कडेची कातडी आणि तिच्यातला स्नायुबंध कापतो. जखम दिसायला बोटभर असते, पण तो बंध तुटला की पंख पूर्ण उघडत नाही. हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली. जानेवारीत घारी मात्र येतच राहिल्या.

आणि पिसांच्या कलमाविषयीही विचारा, मुलीला ते फार आवडेल. मोडलेले पीस मुळाशी थोडे ठेवून कापतात, त्याच्या पोकळ दांड्यात बांबूची बारीक काडी बसवतात आणि त्याच जातीच्या दुसऱ्या पक्ष्याचे, पंखात त्याच जागी असलेले पीस डिंकाने जोडतात. नाहीतर नवे पीस येईपर्यंत, म्हणजे कधीकधी वर्षभर, पक्ष्याला डांबून ठेवावे लागते.

उंबरठा

मला तुमच्या सासऱ्यांचेच पटते. पायाला चामड्याचा पट्टा बांधून पक्षी लोकांसमोर हातावर धरायचा आणि त्याला शिक्षण म्हणायचे, हे मनाला लागते.

नदीकाठ

लागते, हे मान्य. पट्टा आखूड असतो तो मात्र दुष्टपणाने नव्हे. लांब ठेवला तर पक्षी वेग घेऊन झेपावतो आणि झटक्याने पाय मोडून घेतो. सोडता न येणारा प्रत्येक पक्षी ठेवून घेतात असेही नाही. दोन्ही डोळे गेलेल्या, पाय किंवा कोपरापासून पंख कापावा लागलेल्या पक्ष्याला येथील नियमांनुसार साधारणपणे शांत मरण दिले जाते. माणसांसमोर न घाबरता बसणारे थोडेच उरतात.

सायली_प्लिमथ

सर्वांचे आभार. काल जाऊन आलो. सासऱ्यांनी पट्ट्याविषयी विचारले, उत्तर ऐकून घेतले आणि नंतर गाडीत फारसे बोलले नाहीत; परत फिरले नाहीत, एवढे खरे. मुलीची निराशा गरुडाच्या आवाजाने झाली. चित्रपटात गरुड दाखवून बहुधा रेड-टेल्ड हॉकची आरोळी ऐकवतात. बाल्ड ईगल स्वतः बारीक किलबिलतो.

सासूबाई ग्रेट हॉर्न्ड आऊलसमोर सर्वांत जास्त वेळ उभ्या होत्या. रस्त्यावर गाडीची धडक बसून त्याचा डावा डोळा गेलेला आहे. त्याने मान पार पाठीकडे फिरवली तेव्हा त्यांनी पदर डोक्यावर ओढला, पण जागच्या हलल्या नाहीत. बाहेर आल्यावर मुलीने मुद्दामच दगडाचे विचारले, तर म्हणाल्या, "अगं, त्या बिचाऱ्याला धड दिसत नाही, तो कसला दगड शोधतोय."