पहिल्या कादंबरीसाठी पदरचे पैसे घालण्याआधी

पहिली कादंबरी कशी लिहावी आणि काढावी, या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की त्यासाठी लेखकाला पदरचे पैसे घालावेच लागतात. हे मत मला अजिबात पटत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचा इथे कुणीच उल्लेख केलेला नाही. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही, त्यांच्या पहिल्या पुस्तकासाठीच ती आहे आणि कादंबरीही तिच्यात बसते. अर्ज मागवल्याची जाहिरात आली की नियम नीट वाचा आणि हस्तलिखित पाठवाच.

भरपूर वाचा, हा चर्चेतला सल्ला मात्र शंभर टक्के मान्य. नाशकात असाल तर आधी सावानाचे (सार्वजनिक वाचनालय, स्थापना १८४०) सभासद व्हा. आणि खर्डा कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, शक्यतो न लिहिणाऱ्या माणसाला. माझ्या कादंबरीत लासलगावच्या कांदा लिलावाचं प्रकरण आहे. ते मामांना ऐकवलं. त्यांची हयात बाजार समितीत माल नेण्यात गेली. ते म्हणाले, "भाव पुकारला की शेतकरी आधी शेजारच्या ट्रॉलीला काय मिळाला ते बघतो, मग स्वतःच्या कांद्याकडे." त्या एका वाक्यावर मी अख्खा प्रसंग नव्याने लिहिला.