स्टोरीबोर्ड लाल शेऱ्यांनी भरून परत आला, नेमकं चुकलं काय?

विश्रामबागचा_मास्तर

नमस्कार मंडळी. सांगलीत नऊ वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतोय. विनाअनुदानित, त्यामुळे पगाराचं वेगळं सांगायला नको. ओळखीतून कळलं की ऑनलाइन कोर्ससाठी इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे कोर्सची आखणी करणारे, हवेत, घरून काम. चाचणी म्हणून दहा मिनिटांच्या मॉड्यूलचा स्टोरीबोर्ड, म्हणजे पडद्यागणिक आराखडा, मागितला. विषय कारखान्यातल्या कामगारांसाठी, 'ॲसिड हाताळताना घ्यायची काळजी'. म्हटलं, हा तर हातचा मळ. रात्र जागून बावीस स्लाइड्स केल्या. व्याख्या, गुणधर्म, समीकरणं, शेवटी पाच प्रश्न.

दोन दिवसांत परत. शेरा : 'माहिती भरपूर आहे, पण कोर्स संपल्यावर माणूस काय करू शकेल?' आणखी एक : '"कामगारांना समजेल" हे उद्दिष्ट होत नाही.' मग होतं काय? सांगलीत बसून हे काम जमण्यासारखं आहे का, तेही सांगा.

तासगावची_सून

सर, मी अकरा वर्षं हेच करते, तेही घरूनच. माझाही पहिला स्टोरीबोर्ड असाच परत आला होता, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

बी.एड.ला पाठटाचणात उद्दिष्टासमोर स्पष्टीकरणं लिहायचात ना? 'विद्यार्थी फरक सांगतो', 'आकृती काढतो'? मुळात ते शिक्षणतज्ज्ञ ब्लूमच्या १९५६च्या उद्दिष्टांच्या वर्गीकरणातूनच आलंय. आपण गुणांपुरतं लिहिलं आणि विसरलो. इथे तेच मागतात, डोळ्याला दिसेल असं क्रियापद.

पण खरी गोम पुढे आहे. माझं एक काम सांगते. दूध तपासणाऱ्या नव्या पोरांसाठी कोर्स होता, गर्बर पद्धतीने दुधात फॅट किती ते मोजण्याचा. तज्ज्ञांनी ९६ स्लाइड्सची पीपीटी दिली. बुटायरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या काचेच्या नळीत, १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच, हलवणं, सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवणं. सगळं बरोबर. तरी मी हट्टाने सकाळी लॅबमध्ये जाऊन उभी राहिले. तिथल्या मामांनी नळी तिरकी धरून दूध कडेने सोडलं, बूच घट्ट बसवलं, आणि हलवायच्या आधी खांद्यावरचं फडकं नळीला गुंडाळलं. ॲसिड आणि दूध मिसळलं की नळी चांगलीच तापते, बूच उडालं तर ॲसिड अंगावर. ९६ स्लाइड्समध्ये फडकं कुठेच नव्हतं. विचारलं तर मामा म्हणाले, 'ते काय लिहायचं असतंय व्हय?'

आपली मजुरी त्या फडक्याची आहे, सर. ज्याच्या हाताला काम बसलंय त्याला आपण काय काय करतो ते आठवत नाही. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं. माझ्या कोर्सचा पहिला पडदा तोच : भरलेली नळी, बूच लावलंय, आता काय कराल? व्याख्या नंतर. काही तर टाकल्याच नाहीत, त्यावर तज्ज्ञांशी भांडण झालं ते वेगळं.

एक विचारू? 'पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही' हे तुमच्या कितव्या स्लाइडवर आहे?

विश्रामबागचा_मास्तर

चौदाव्या. समीकरणानंतर. 🙈

मिरज_जंक्शन

ताईंनी मुद्द्याचं सांगितलं, मी नटबोल्टचं सांगतो. स्टोरीबोर्ड वर्डमध्ये तक्ता करून द्या : पडद्यावर काय, निवेदन काय, ग्राफिक्सवाल्याला सूचना काय. जे पडद्यावर तेच निवेदनात वाचून दाखवू नका. माणूस एकतर वाचतो नाहीतर ऐकतो.

आणि कोर्स एलएमएसवर, म्हणजे कंपनीच्या ऑनलाइन कोर्स चालवणाऱ्या सिस्टिमवर, चढणार असेल तर स्कॉर्म (कोर्स आणि एलएमएस जोडणारं मानक) कोणतं ते पहिल्याच फोनवर विचारा. स्कॉर्मच्या १.२ आवृत्तीमध्ये 'कुठपर्यंत आलो' ही नोंद ४०९६ अक्षरांत बसवावी लागते. मी एकदा सगळं एकाच लांबलचक मॉड्यूलमध्ये कोंबलं होतं. अर्ध्यावर उठून गेलेली माणसं परत आली की कोर्स पहिल्यापासून सुरू. शिव्या मी खाल्ल्या. तेव्हापासून तुकडे पाडतो.

कृष्णाकाठ_७१

पैशाचं कोणीच बोलेना. दर ठरवताना किती वेळा दुरुस्ती करून देणार ते ईमेलवर लिहून घ्या. मी दोन वेळा लिहितो, तिसरीपासून वेगळे पैसे. हे न लिहिल्यामुळे एका कंपनीने सात वेळा बदल करून घेतले आणि पैसे चार महिन्यांनी दिले, तेही फोन करकरून. चाचणीचं काम फुकट असेल तर दोन-तीन पडद्यांच्या वर करू नका. तुम्ही बावीस केल्यात, धन्य आहात. सांगलीत बसून जमतं का म्हणाल, तर जमतं. फक्त व्हॉइसओव्हर लग्नसराईत रेकॉर्ड करू नका.

विश्रामबागचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. ताई, आज आमच्या लॅबच्या मामांना मुद्दाम विचारलं, ॲसिडची बाटली उघडण्याआधी काय करता? म्हणाले, 'आधी नळ सोडून बघतो सर. पाणी असतंय, नसतंय.' नऊ वर्षं त्याच लॅबमध्ये उभा आहे मी, कधी लक्षात आलं नाही.

पहिला पडदा नळाचा केलाय. समीकरणं काढली, एक ठेवलंय, मन होईना. शुक्रवारी पुन्हा पाठवतो.