माईक बॉसीचं रुकी कार्ड: ओ-पी-ची की टॉप्स?

लाँगआयलंडकर: न्यूयॉर्क आयलंडर्स या आइस हॉकी संघाच्या बॉसीचं १९७८-७९चं रुकी कार्ड (खेळाडूचं पहिलं संग्राह्य कार्ड; ओ-पी-ची आणि टॉप्स या दोन्ही कंपन्यांच्या संचांत क्र. ११५) भाच्याला द्यायचंय. बजेट १०० डॉलर, त्यावर नाही. काय तपासू?

गोलपोस्ट: ओ-पी-चीच घ्या. कॅनडातलं, मागे इंग्रजी-फ्रेंच दोन्ही मजकूर, आणि बॉसी मूळचा मॉन्ट्रियलचा. १०० विसरा, थोडे साठवून पीएसए ८ घ्या, म्हणजे पीएसए कंपनीनं तपासून दहापैकी आठ ग्रेड दिलेलं, डबीत सीलबंद कार्ड.

भिंगवाला: ओ-पी-चीची कार्डं तारेनं कापलेली, म्हणून कड खरबरीत असते. ती ब्लेडसारखी सरळ दिसली तर कुणीतरी कापून साफ केलीय का, ही शंका घ्या. पट्टी लावा: अडीच बाय साडेतीन इंच भरलंच पाहिजे. मग दहापट भिंग. फोटोत ठिपके असणारच, पण काळी अक्षरं सलग भरलेली हवीत. अक्षरांतही ठिपके असले तर स्कॅन करून छापलेली नक्कल.

ब्लूलाइन: पण बॉसीच का? गोलांचा राजा ओवेचकिन. ६ एप्रिल २०२५ला ८९५वा, विक्रमी गोल, तोही आयलंडर्सवरच! त्याचं घ्या.

गोलपोस्ट: बेरीज नको, सरासरी बघा. बॉसीचे ७५२ सामन्यांत ५७३ गोल, सलग नऊ हंगाम पन्नास किंवा जास्त. दहाव्यात पाठीनं दगा दिला, तरी ३८. १९७७च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तो) रेंजर्स आणि टोरांटो, दोन्ही संघांनी त्याला दोन-दोनदा सोडलं. पंधरावा निवडला गेला आणि पहिल्याच हंगामात ५३. २४ जानेवारी १९८१ला, हंगामातल्या पन्नासाव्या सामन्यात, ४८ गोलांवर अडकला होता. शेवटच्या पाच मिनिटांत दोन मारले! जुन्या काळच्या मॉरिस रिचर्डनंतर ५० सामन्यांत ५० करणारा पहिलाच. आणि चार स्टॅन्ली कप (लीगचं विजेतेपद), ओळीनं.

ब्लूलाइन: दहाच हंगाम खेळला, म्हणून सरासरी टिकली.

पेनीस्लीव्ह: भिंगवाल्यांनी सांगितलंच, कडा बघा. आधी मऊ प्लास्टिकची पातळ पिशवी, म्हणजे पेनी स्लीव्ह, मगच कडक प्लास्टिकचा टॉपलोडर. नुसतं टॉपलोडरमध्ये सरकवलं की कोपरे चेपतात, चकाकीवर चरे उठतात. जुना पीव्हीसी अल्बम नकोच, प्लास्टिक कार्डाला चिकटतं.

गोलपोस्ट: आणि ग्रेड केलेलंच. पुन्हा सांगतो.

लाँगआयलंडकर: सगळ्यांचे आभार. टॉप्स घेतलं, ग्रेड न केलेलं. डावा समास उजव्यापेक्षा अरुंद आहे, एक कोपरा मऊ पडलाय, पण अक्षरं भिंगाखाली सलग भरलेली आणि माप बरोबर. बजेटात बसलं. भाच्याला ते डबीतून नाही, हातात धरून बघायचंय. पेनी स्लीव्हचं पाकीट आजच आणलं.