सल्ला हवा: एका सर्व्हरवर सीपीयूची वाटणी कशी करावी?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. नाशिकला आमच्या कॉलेजात ३२ कोअरचा एकच लिनक्स सर्व्हर आहे. त्यावर १२ विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट चालतात आणि आमचं द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचा अंदाज देणारं मॉडेलही. छाटणीनंतर निफाड-दिंडोरीचे बागायतदार सकाळी ६ला फवारणी करायची की नाही, हे त्यावरून ठरवतात. सबमिशनच्या आठवड्यात मॉडेल ९पर्यंत रखडतं. मॉडेलला नाइस (प्रोग्रामचा अग्रक्रम ठरवणारा आकडा, जितका कमी तितका अग्रक्रम वरचा) उणे १० देऊन पाहिलं, काही फरक नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला २ कोअरचा कोटा लावू का?

रात्रपाळी:
कोटा नका लावू. रात्री सर्व्हर मोकळा असला तरी पोरं २ कोअरवरच अडकतील. शिवाय सीपीयू-मॅक्सचा, म्हणजे कोटा लावणाऱ्या सेटिंगचा, हिशोब दर १०० मिलिसेकंदांचा असतो. २ कोअर म्हणजे तेवढ्यात २०० मिलिसेकंदांचं काम. ८ थ्रेडचा, म्हणजे एकदम ८ कोअर वापरणारा, प्रोग्राम ते २५ मिलिसेकंदांत संपवतो आणि उरलेले ७५ नुसता थांबतो. सीपीयू-स्टॅट या आकडेवारीच्या फाइलमध्ये एनआर-थ्रॉटल्ड, म्हणजे किती वेळा थांबवलं तो आकडा, वाढताना दिसेल.

तुम्हाला मर्यादा नको, हमी हवी. त्यासाठी वेट, म्हणजे वाटणीतलं वजन. ते ओढाताण असेल तेव्हाच लागू होतं, एरवी ज्याला लागेल त्याला सगळे कोअर मिळतात. नाइस का चाललं नाही? ते एका गटाच्या आतच चालतं. प्रत्येक लॉगिन हा एक गट आणि वाटणी लॉगिननिहाय होते, म्हणून तुमचं मॉडेल १३तला एक वाटेकरी ठरतं.

गोदाकाठ:
मग मॉडेलच्या यूजरचं वेट वाढवू?

रात्रपाळी:
ते यूजर स्लाइसच्या, म्हणजे सगळ्या लॉगिनांना एकत्र धरणाऱ्या गटाच्या, आतच मोजलं जाईल, बाकीच्या १२ जणांशी. इथेच बहुतेकांची गल्लत होते: वेट फक्त सख्ख्या भावंडांत, म्हणजे एकाच गटाखालच्या शेजारी गटांत, चालतं. मॉडेलसाठी वेगळी स्लाइस करा, यूजर स्लाइसच्या बरोबरीची, आणि सिस्टमडी-रन या कमांडने मॉडेल त्यात सोडा. सीपीयूवेट ३०० द्या. मूळ आकडा १०० असतो, म्हणजे यूजर आणि सिस्टम (सर्व्हरच्या स्वतःच्या सेवांची) या दोन्ही स्लाइस जोरात असल्या तरी ५तले ३ वाटे तुमचे, साधारण १९ कोअर.

सातपूरकर:
डिस्कचं मात्र यातून काही सुटत नाही, त्याला आयओवेट, म्हणजे डिस्कच्या वाटणीचं वजन, वेगळं. हवामान केंद्रांच्या फायली मोठ्या असतील तर तेही पाहा.

गोदाकाठ:
वेगळी स्लाइस केली. आज पहाटे पोरांचे सगळे जॉब चालू होते, तरी मॉडेल साडेपाचला संपलं. बागायतदारांना ६च्या आत मेसेज गेला. रात्रपाळी, मनापासून आभार. आयओवेट उद्या लावतो.